मार्क देणाऱ्या साहेबा, तुला मार्क कोण देणार?

गुणपत्रिकेचा एक कोरा कागद माझ्या खिशात आहे. परीक्षकानं जाताना सगळे कागद परत द्यायचे असतात. मी एक उचलून आणला. चोरी म्हणा.

त्यावर सहा रकाने आहेत. विषयाची मांडणी २०, भाषाशैली २०, शुद्ध उच्चार २०, आवाजातील चढउतार १५, सभाधीटपणा १५, एकूण प्रभाव १०. झाले शंभर. स्पर्धा वादविवादाची, आणि समोरच्याच्या मुद्द्याला उत्तर दिलं का, यासाठी रकानाच नाही. म्हणजे वाद घालू नका, विवाद करू नका, फक्त आवाज वरखाली करा. आमची पोरं तिथं काय कमावणार?

गाव मेढा. जावळी तालुक्याचं ठिकाण. वेण्णेचं पाणी, एसटीचा डेपो, कचेरी, आणि रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये स्पर्धा. शाळेचं नाव लिहीत नाही. एकट्या शाळेचा हा गुन्हा नाही, असा कागद महाराष्ट्रभर फिरतो. निमंत्रणपत्रिकेवर छापलं होतं : 'विविध क्षेत्रांतील मान्यवर परीक्षक'. विविध क्षेत्रं म्हणजे एक वकील, एक डॉक्टर आणि तिसरा मी. बँकेतला ऑफिसर. राखीव जागेवरून लागलेला, हे पत्रिकेत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

आम्ही तिघंही फुकट आलो होतो. हे खरं आहे आणि ते लिहिलंच पाहिजे. वकिलानं आपला रविवार दिला, डॉक्टरनं दवाखाना बंद ठेवला. मिळालं काय, तर नारळ, शाल आणि गुलाबाचं फूल. पण मित्रांनो, फुकट केलेलं काम न्यायाचं असतंच असं नाही. मनूनं तरी कुठं पगार घेतला होता?

विषय होता, आरक्षण रद्द करावे की करू नये. बाजू चिठ्ठीवर. बौद्धवस्तीतल्या एका नववीच्या पोरीनं चिठ्ठी उचलली आणि निघालं, 'रद्द करावे'. बघा या खेळाची गंमत. ज्याच्या घरी आरक्षणाचा संबंध फक्त चहाबरोबर तोंडी लावायला येतो, त्याला दोन्ही बाजू सारख्याच. जिच्या घरातलं पहिलं पुस्तक शिष्यवृत्तीच्या पैशातनं आलं, तिला सांगायचं की, बोल आता स्वतःच्या विरुद्ध, आणि चेहरा हसरा ठेव. सभाधीटपणाला १५ मार्क आहेत.

पोरगी उभी राहिली. म्हणाली, "आरक्षन रद्द झालंच पायजे. पयलं गाभाऱ्यातलं रद्द करा. तिथं शंभर टक्के कुनाचं हाय? मग गटारातलं रद्द करा. तिथं उतरायला शंभर टक्के कुनाचं हाय? तिथं मेरिटवर भरती करा म्हनून मोर्चा निघालाय का कधी? ही दोन रद्द करा, मग आमच्या फीमाफीकडं या."

हॉल गप्प. मागच्या बाकावरच्या दोन पोरांनी टाळी दिली आणि लगेच हात खाली घेतले.

वकीलसाहेब माझ्याकडं वाकून म्हणाले, "विषयांतर." डॉक्टर म्हणाले, "मुलगी हुशार आहे, पण उच्चार." त्यांच्या जिभेवर 'पण' नीट होता. न आणि ण यांच्यात त्या दोघांना सगळी संस्कृती दिसत होती.

आणि मी? मी काय केलं ते लिहिल्याशिवाय हा लेख लिहायचा मला अधिकार नाही. शुद्ध उच्चाराच्या रकान्यात वकिलानं सहा दिले, डॉक्टरनं सात दिले, मी आठ दिले. माझं पेन त्यांच्याच रांगेत चाललं. मला वाटलं, जास्त दिले तर म्हणतील, आपल्याच माणसाला दिले. त्या एका भीतीनं माझ्यातला बाबासाहेबांचा माणूस खुर्चीखाली जाऊन बसला. बेरीज झाली. पोरगी चौथी. बक्षिसं तीन. तिसऱ्या नंबरापासून नऊ मार्कांनी हुकली. मी एकट्यानं आठाच्या जागी अठरा दिले असते, तर ती तिसरी होती.

मार्क वकिलाचे कमी होते, डॉक्टरचेही कमी होते. पण नऊ मार्कांचा हिशेब माझ्या नावावर निघतो.

स्पर्धा संपल्यावर ती आली. "सर, माझं कुठं चुकलं?" मी म्हणालो, "बाळ, उच्चारांकडं लक्ष दे." ती म्हणाली, "सर, मगाशी शिपायाला तुमी बी 'पानी' आना म्हनालात."

त्या दिवसापासून हा कागद खिशात आहे.

आता सवाल असा की, बोलण्याला मार्क देणारे हे कोण? इतिहास बघा. मेढ्याहून एसटीनं सातारा तासाभराचा रस्ता. तिथल्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी नावाचं पोर दाखल झालं. वर्गाच्या कोपऱ्यात, स्वतःच्या गोणपाटावर, वेगळं बसलं. त्या वर्गात सभाधीटपणाचे मार्क काढले असते तर त्याला किती मिळाले असते? आज तोच दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो, आणि त्या दिवशी वक्तृत्व स्पर्धा होतात. कागद हाच. रकाने हेच.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अधिवेशनाचं अध्यक्षपद दिलं. भाषण आधी वाचायला मागितलं. वाचलं आणि घाबरले. वेदांवरचं, धर्मावरचं गाळा म्हणाले. हे जातपात मोडायला निघालेले सुधारक बरं का, सनातनी नव्हेत. शिकलेली, सज्जन, समाजासाठी वेळ देणारी माणसं. त्यांचंही म्हणणं शेवटी तेच, विषयांतर. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलला नाही. अधिवेशन रद्द झालं. त्यांनी भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं, १५०० प्रती. परीक्षकांनी नापास केलेलं ते भाषण आज जग वाचतं. त्या परीक्षकांची नावं कुणाला पाठ आहेत?

अमेरिकेत बघा. १९३५ साली टेक्सासच्या वायली कॉलेजच्या काळ्या पोरांनी गोऱ्यांच्या नामांकित सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला वादविवादात हरवलं. त्यांना तयार करणारा मेल्विन टॉलसन कवी होता. २०१३ साली एम्पोरिया स्टेट विद्यापीठाच्या रायन वॉश आणि एलायजा स्मिथ यांनी कॉलेज वादविवादाच्या दोन मोठ्या राष्ट्रीय स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या. असं आधी कुणाला जमलं नव्हतं. त्यांनी आपलं काळं जगणं, आपली बोली हाच पुरावा म्हणून टेबलावर ठेवला. तिथंही कुरकुर झाली की हा खेळच नव्हे. पण ते ऐकून निकाल देणारे परीक्षक तिथं खुर्चीत होते. आमच्या मेढ्यात त्या खुर्चीत मी होतो.

कुणी म्हणेल, प्रमाण मराठी नको का? कोर्टात, कचेरीत लागतं ना? लागतं. शिकवा की. शिकवण्यासाठी वर्ग आहेत, वर्षं आहेत. पण वादाच्या स्पर्धेत मुद्दा तोलायचा असतो. आईकडून आलेली जीभ तोलायला बसलात तर तो वाद राहत नाही, ती जात तपासणी होते. आणि ते २० मार्क काही पोरांना जन्मतः मिळतात. त्या आरक्षणाबद्दल कुणी स्पर्धा ठेवत नाही.

म्हणून मी चार गोष्टी मागतो.

एक. शुद्ध उच्चाराचा रकाना फाडून टाका. त्या जागी लिहा, समोरच्याच्या मुद्द्याला दिलेलं उत्तर.

दोन. परीक्षकानं प्रत्येक पोराला लेखी कारण द्यावं. 'विषयांतर' असा एक शब्द नको, कुठल्या वाक्यात ते सांगा. निकाल देणाऱ्याला कारण देण्याची लाज वाटत असेल तर निकालात काहीतरी लपलेलं आहे.

तीन. ज्यात कुणाच्या माणूसपणाचा, पोटाचा सौदा आहे, तिथं बाजू चिठ्ठीवर ठरवू नका.

चार. 'विविध क्षेत्रांतील' म्हणता ना, मग क्षेत्रं खरंच विविध करा. जावळीची माणसं मुंबईत माथाड्यावर गोणी वाहून जगली. १९६९ चा माथाडी कायदा कुणी आवाजाच्या चढउतारावर मिळवला नाही, संघटनेनं मालकाशी वाद घालून मिळवला. तो निवृत्त माथाडी खुर्चीवर बसवा. अंगणवाडीची बाई बसवा. नगरपंचायतीचा सफाई कामगार बसवा. त्यांना मुद्दा कळत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा त्यांच्याशी भांडून बघावं.

आणि शेवटचं तुम्हाला, मुंबई-पुण्यातल्या माझ्या दोस्तांनो. आपण जयंतीला डीजेपुढं रात्र काढतो, पण अशा स्पर्धेला रविवार देत नाही. खुर्ची रिकामी दिसली की ते बसतात, त्यांना दोष देऊन भागत नाही. आपले वकील, आपले डॉक्टर, आपले इंजिनीयर झाले आणि फ्लॅटचं दार लावून बसले. जा. तालुक्याच्या शाळांना पत्र टाका, आम्ही परीक्षक म्हणून येतो म्हणून सांगा. पण जाल तर माझ्यासारखे जाऊ नका. खुर्ची मिळाली म्हणून जीभ बदलू नका, आणि आपल्या पोरीला न्याय दिला तर लोक काय म्हणतील म्हणून पेन आखडू नका.

मी पुन्हा मेढ्याला जाणार आहे. खिशातल्या कागदावरचा तिसरा रकाना मी लाल पेनानं खोडला आहे. तोच घेऊन जाणार. बोलावतील तर परीक्षक म्हणून, नाही बोलावलं तर मागच्या बाकावर. तिथून टाळी वाजवली तर या वेळी हात खाली घेणार नाही.

जयभीम.