स्टारचा कागद कुणाच्या बाजूचा?

परवा शेजारच्या काकांबरोबर रत्नागिरीला पंखा आणायला गेलो. मे महिन्याचा उकाडा, घरात मुंबईची पाहुणे मंडळी, काकांना घाई. दुकानदाराने दाखवलेल्या पंख्यावर स्टारचं लेबलच नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "अहो, हवा सगळेच सारखी देतात. स्वस्तात देतो, घ्या." काकांनी घेतला. बिल? तेही साध्या चिठ्ठीवर.

भाट्याचा पूल ओलांडेपर्यंत माझ्या डोक्यात हिशेब चालू. जुन्या धाटणीचा पंखा साधारण 75 वॅटचा, पाच-स्टारवाला 35 च्या आसपास. रोज 12 तास चालला तर महिन्याला 14 युनिटचा फरक. घरात तीन पंखे असले तर 40 च्या वर. हे पैसे दुकानदार भरणार नाही, काका भरणार.

आता कायदा बघा. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा. एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजवर लेबल सक्तीचं झालं 2010 मध्ये, छताच्या पंख्यावर 1 जानेवारी 2023 पासून. नियम मोडला तर चौकशी करून दंड ठरवायचा राज्य वीज नियामक आयोगाच्या सदस्याने. तो मान्य नसेल तर अपील दिल्लीच्या वीज अपिलीय न्यायाधिकरणात. कंपनीकडे वकील असतात, तिला ही वाट परवडते. पावसचा माणूस 14 युनिटांसाठी दिल्ली गाठणार आहे का?

अमेरिकेत या नियमांवरून कोर्टात जोरदार भांडणं होतात, आणि दोन्ही बाजूंनी. तिथल्या सरकारने 2001 मध्ये ठरलेला एसीचा कडक निकष नंतर सैल केला, तेव्हा पर्यावरणवाले, ग्राहक संघटना आणि काही राज्यं कोर्टात गेली. 2004 मध्ये निकाल लागला की एकदा जाहीर केलेला निकष असा खाली आणता येणार नाही. उलट जानेवारी 2024 मध्ये डिशवॉशर आणि वॉशिंग मशीनच्या प्रकरणात लुइझियाना आणि इतर राज्यांनी सरकारला हरवलं. कोण बरोबर, हा वाद वेगळा. पण तिथे ग्राहकाच्या वतीने कुणीतरी उभं राहतं. आपल्याकडे ती खुर्ची रिकामी दिसते.

कुणी म्हणेल, महाग पंखा गरिबाने कसा घ्यायचा? प्रश्न रास्त आहे. पण लेबल म्हणजे पाच-स्टारची सक्ती नव्हे. एक-स्टारचा पंखाही मिळतो. वस्तू वीज किती खाते एवढंच लेबल सांगतं, आणि ते कळणं गरिबाला जास्त गरजेचं आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. दिल्ली लांब असली तरी जिल्हा ग्राहक आयोग रत्नागिरीत आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. पक्कं बिल मागा, लेबलचा फोटो काढून ठेवा. लेबल नसेल तर वस्तू घेऊ नका. आणि ग्राहक संघटनांनी एक तरी प्रकरण शेवटपर्यंत लढवावं. नियम आपल्यासाठी केलाय म्हणतात, मग तो मागायलाही आपणच जायला हवं.

काका पंख्याखाली बसून ही पोस्ट वाचतायत. म्हणाले, "आधी सांगायचंस ना रे!" सांगितलं होतं, काका.

तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर खाली लिहा.