वेगळी चूल कीं वेगळी रांग?

एकत्र कुटुंबांतील तंट्यांचीं कारणें फारशीं बदलत नाहींत. बदलतात त्या केवळ वस्तू. आमच्या लहानपणीं सकाळचें वर्तमानपत्र प्रथम कोणीं उघडावें आणि बंबांतलें ऊन पाणी शेवटच्या माणसास कां पुरूं नये, यावरून घरांत धुसफूस होई. हल्लीं तीच धुसफूस इंटरनेटच्या एका जोडणीवरून होते. या खेपेस दुसऱ्यांच्या घरचें उदाहरण न घेतां आमच्याच घरचें गाऱ्हाणें वाचकांपुढें मांडावयाचें योजिलें आहे. त्यांत चूक माझी होती, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

छत्रपति संभाजीनगराहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर चितेगाव आहे. दूरदर्शन-संचांच्या कारखान्यामुळें एके काळीं या गांवाचें नांव दूरवर पोंचलें होतें. तेथें आम्ही दहा माणसें एका छपराखालीं राहतों आणि दहाही जणांस मिळून इंटरनेटची जोडणी एकच. थोरल्या सूनबाई एका कचेरींत हिशेबाचें काम पाहतात. त्यांच्या सभा बहुधा संध्याकाळीं सातनंतर घरूनच होतात. सौभाग्यवती त्याच वेळीं कीर्तन ऐकतात. आणि चौदा वर्षांचा धाकटा नातू सात ते आठ हा आपला ठरलेला तास पुण्याच्या आतेभावाबरोबर ऑनलाइन खेळण्यांत घालवितो.

वैशाखांत घरीं मुंज झाली. त्यानंतर आठवडाभरांत या मुलाचा खेळ अडखळूं लागला. "आबा, मी उडी मारतो ती दीड सेकंदानं लागू होते. तोंवर मी मेलेला असतो," असें तो काकुळतीनें सांगे. मीं त्यास "बरं झालं, अभ्यासाला वेळ सांपडेल," असें म्हणून वाटेस लावीत असें. पुढें कीर्तनही मधूनच थबकूं लागलें, तेव्हां मात्र माझा धीर सुटला. एके संध्याकाळीं सर्वांदेखत मीं थोरल्या सूनबाईंस म्हणालों, "तुमच्या कचेरीच्या सभांत घरचं सगळं इंटरनेट जातं. कचेरीचं काम कचेरींतच आटपून यावं."

त्यांनीं उलट उत्तर केलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्या स्वयंपाकघराच्या दाराशीं येऊन शांतपणें म्हणाल्या, "बाबा, माझ्या पगारांतून मी आमच्या खोलीपुरती वेगळी जोडणी घेते. कुणालाच अडचण नको."

शब्द सौम्य होते. पण सौभाग्यवतींचा पोळपाटावरचा हात थांबला. ज्या घरांत चाळीस वर्षें वेगळ्या चुलीचा विषय निघाला नव्हता, त्या घरांत वेगळी जोडणी हा शब्द कसा ऐकूं येतो, हें एकत्र कुटुंबांत राहिलेल्या वाचकांस सांगावयास नको. त्या रात्रीं आम्हां दोघांस झोंप आली नाहीं.

मार्ग दाखविला तो नातवानें. तो म्हणाला, "आबा, भांडण्याआधी मोजूं या." आपल्या यंत्रानें एक लहानसा निरोप दूरच्या यंत्राकडे धाडावा आणि त्याचें उत्तर परत येण्यास किती वेळ लागतो तें पाहावें, या मापास पिंग म्हणतात आणि तें मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या सहस्रांशांत मोजतात. त्यानें चार दिवस वहींत आंकडे टिपून ठेविले. सकाळीं घर शांत असतां उत्तर २० मिलिसेकंदांत येई. संध्याकाळीं तेंच १,५०० वर जाई. चौथा दिवस रविवारचा. कचेरी बंद, सभा नाहीं, सूनबाई माहेरीं गेलेल्या. आणि तरीही सात वाजतां आंकडा १,६०० झाला! आरोपी निर्दोष असल्याचा याहून भक्कम पुरावा तो कोणता?

मग आम्हीं एकेक यंत्र बंद करीत गेलों. दूरदर्शन-संच बंद केला, फरक नाहीं. सौभाग्यवतींचें कीर्तन बंद केलें, फरक नाहीं. शेवटीं भिंतीशीं विद्युत्‌भरणास लावलेला एक फोन बंद करतांच आंकडा खाडकन २० वर उतरला. तो फोन माझा होता.

झालें होतें तें असें. मुंजीचीं सारीं छायाचित्रें व चलच्चित्रें मीं हौसेनें आपल्या फोनवर उतरवून घेतलीं होतीं. तीं सुमारें ३० गिगाबाइट भरलीं. फोन भरणास लावला कीं त्यानें आंतील चित्रें दूरच्या साठवणींत आपण होऊन पाठवावीं, अशी त्यांत सोय असते. मी रोज फिरून आल्यावर सातला फोन भरणास लावतों, सव्वाआठला बातम्यांसाठीं काढतों आणि रात्रीं बंद करून निजतों. आमच्या जोडणीचा येण्याचा वेग सेकंदास ५० मेगाबिट असला, तरी जाण्याचा अवघा ५ आहे. त्या वेगानें ३० गिगाबाइट जाण्यास तेरा तासांहून अधिक वेळ हवा. म्हणजे रोज सव्वा तास धरल्यास दहा-अकरा दिवस! तितके दिवस मी नेमका नातवाच्या तासास घराची वाट अडवून बसलों होतों, आणि बोल लाविला तो सूनबाईंस. त्यांची सभा या ५ पैकीं २ मेगाबिटांपलीकडे घेत नव्हती.

परंतु चित्रें जात असतां खेळ नुसता मंदावण्याऐवजीं दीड सेकंद मागें कां पडावा? हें समजण्यास पिठाच्या गिरणीचा दृष्टांत पुरेसा आहे. आपण पावशेर भाजणीचा डबा घेऊन गिरणीवर जातों. दळण्यास अर्धें मिनिट पुरे. पण पुढें लग्नघरचीं वीस पोतीं मांडलेलीं असलीं, तर आपला डबा तासभर पडून राहतो. गिरणी मंद नाहीं, डबाही लहान. विलंब आहे तो रांगेचा. खेळांतील प्रत्येक हालचाल हा असाच पावशेराचा डबा आहे. इंटरनेट घरांत आणणाऱ्या यंत्रांत, म्हणजे राउटरांत किंवा त्यापलीकडील मोडेमांत, अशीच एक ओसरी असते. तीवर पुढें जावयाचीं पाकिटें थांबतात. ती ओसरी एक मेगाबाइटाची असली व बाहेरची वाट ५ मेगाबिटांची असली, तर भरलेली ओसरी रिकामी होण्यास १.६ सेकंद लागतात. नातवाच्या वहींतला आंकडा हाच नव्हे काय?

ओसरी मोठी असणें ही सोय वाटते. खरी मेख तेथेंच आहे. ओसरी लहान असती, तर पोतेंवाल्यास जागा नसल्याचें तत्काळ कळून त्यानें माल बेताबेतानें आणला असता. इंटरनेटवरील यंत्रेंही अशींच वागतात: पाकीट वाटेंत गळालें, तर गर्दी झाली असें समजून तीं आपला वेग आवरतात. ऑक्टोबर १९८६ मध्यें अमेरिकेंत बर्कलीच्या विद्यापीठापासून अवघ्या चारशें यार्डांवरील प्रयोगशाळेपर्यंतचा वेग ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला, तेव्हां व्हॅन जेकबसन यांनीं या आवरण्याच्या रीतीचा अभ्यास करून १९८८ सालीं ती मांडली. पुढें स्मरणपेट्या स्वस्त झाल्या आणि कारखानदारांनीं यंत्रांतल्या ओसऱ्या वाढवीत नेल्या. पाकीट गळेना, म्हणून पाठविणाऱ्यास गर्दी कळेना. जिम गेटिस या तज्ज्ञास २०१० सालीं हा दोष स्वतःच्याच घरच्या जोडणींत सांपडला. त्यांनीं त्यास 'बफरब्लोट' असें नांव दिलें. २०१२ सालीं कॅथलीन निकोल्स व जेकबसन यांनीं 'कोडेल' ही तोड सुचविली. पाकीट रांगेंत किती वेळ तिष्ठलें तें पाहावयाचें. पांच मिलिसेकंदांवरचा विलंब सतत टिकूं लागला, तर कांहीं पाकिटें मुद्दाम गाळून पाठविणाऱ्यास सावध करावयाचें. तिला दुसऱ्या युक्तीची जोड मिळाली, ती अशी कीं प्रत्येकाची रांग वेगळी मांडावी आणि गिरणीवाल्यानें प्रत्येक रांगेंतून थोडथोडें घेत जावें. या जोडपद्धतीस 'एफक्यू-कोडेल' म्हणतात. २०१८ सालीं तिचा तपशील इंटरनेटच्या नियमपत्रिकांत प्रसिद्ध झाला.

आतां उपाय. ज्यांच्या घरीं हें दुखणें असेल त्यांनीं प्रथम मोजावें: एकदां घर शांत असतां, एकदां मोठी वस्तू वर पाठवीत असतां आणि एकदां खालीं उतरवीत असतां. दोन्ही वेळां आंकडा फारसा वाढला नाहीं, तर दोष रांगेचा नाहीं. वाढला, तर फोनांतील आपोआप चित्रें पाठविण्याची वेळ उत्तररात्रीची करावी. याला दमडी लागत नाहीं. त्यानंतर राउटरांत 'एसक्यूएम' किंवा 'एफक्यू-कोडेल' नांवाची सोय आहे कीं काय तें पाहावें. असल्यास ती चालूं करून दोन्ही वेग मोजून आलेल्या वेगाच्या सुमारें नव्वद टक्के ठेवावे. थोडा वेग सोडण्याचें कारण हें कीं रांग पलीकडच्या परक्या मोडेमांत न लागतां आपल्या यंत्रांत लागावी. गिरणीवाला आपला असला तरच न्याय आपल्या हातीं राहतो. केवळ अधिक पैसे भरून येण्याचा वेग दुप्पट करणारांस मात्र निराशा पदरीं पडण्याचा संभव आहे. कारण कोंडी बहुधा जाण्याच्या वाटेवर असते.

खेळणाऱ्याचें यंत्र शक्य तर तारेनें जोडावें. वाय-फायमध्यें एका लहरीवर एका वेळीं एकच यंत्र बोलूं शकतें आणि २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांत स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टीचाही अडथळा येतो. तार नसेल, तर ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा निवडावा व राउटर कपाटांत कोंडूं नये. खेळाचें केंद्र निवडतां येत असल्यास जवळचें घ्यावें. कांचतंतूंत प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. मुंबईहून सिंगापूर सुमारें ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाण्यायेण्यास ४० मिलिसेकंद निसर्गतःच गेले. ते कोणताही राउटर परत आणून देणार नाहीं.

'खेळासाठीं एवढा खटाटोप कशास?' असें माझ्याप्रमाणें कोणी वडीलधारे विचारतील. त्यांस २०२० सालच्या ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाडची आठवण करून देतों. भारताचे कर्णधार होते नाशिकचे विदित गुजराथी. ३० ऑगस्टला रशियाविरुद्धच्या अंतिम सामन्याची पहिली फेरी ३-३ अशी सुटली. दुसऱ्या फेरींत निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटला व वेळ संपून दोघांचे डाव गेले. तो दोष घरच्या रांगेचा नव्हे, बाहेरच्या मोठ्या जाळ्यांतील बिघाडाचा होता. म्हणून दाद मागितल्यावर दोन्ही देशांस विजेते ठरविण्यांत आलें. त्याच दिव्यानें २०२५ सालीं महिलांचा विश्वचषक जिंकला. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई करणारा कायदा त्याच वर्षीं संमत झाला. तो भेद मुलांस अवश्य समजावून द्यावा. पण निर्मळ खेळांतलें मुलाचें गाऱ्हाणें खरें असूं शकतें, हें मीं उशिरां शिकलों. शिवाय जो विलंब खेळांत उडी चुकवितो, तोच परदेशीं असलेल्या लेकीचें बोलणें तोडतो आणि सूनबाईंचा वरिष्ठांपुढें खोळंबा करतो.

सोमवारीं सूनबाई माहेराहून परत आल्या. मीं सर्वांदेखत बोल लाविला होता, म्हणून सर्वांदेखतच म्हणालों, "सूनबाई, चोर माझ्याच फोनांत होता. मला माफ करा." त्या क्षणभर गोंधळल्या, मग म्हणाल्या, "बाबा, तुम्हीं मोजलंत, हेंच पुष्कळ झालं." आमच्या जुन्या राउटरांत वर सांगितलेली सोय नव्हती, ती असलेला एक राउटर घेतला. वेग येण्याचा ४५ व जाण्याचा ४.५ ठरवून तो बसविला सूनबाई व नातू या दोघांनीं मिळून. आतां मुद्दाम चित्रें पाठवीत असतांही आंकडा ३० च्या आसपास राहतो. माझा फोन रात्रीं भरणास असतो, आणि चित्रें पहाटे दोननंतर जातात.

वेगळ्या जोडणीचा विषय पुन्हा निघाला नाहीं. घर एक ठेवावयाचें, तर प्रत्येकाच्या लहान डब्यास त्याची वेळ मिळाली पाहिजे. ज्याचीं पोतीं मोठीं त्यानें थोडें थांबावें. आमच्या घरांत मोठीं पोतीं माझीं होतीं, आणि वडील म्हणून तीं कोणास दिसत नव्हतीं. मला तर नाहींच नाहीं.