जुन्या मोटारीची संहिता

पहिली मोटार जुनीच घ्यायची ठरली की आपण रंग न्याहाळतो, आसने चाचपतो. म्हणजे मुखपृष्ठावरून ग्रंथ पारखतो. नगरच्या ‘एमएच १६’ पाटीच्या गाडीचीही खरी संहिता आरसी बुकातच असते. त्यातला चासी नंबर गाडीवरील नंबराशी ताडून पाहणे, ही पाठचिकित्साच. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. उरलेली वर्षे मोजून किंमत ठरवावी. कर्जाचा बोजा उतरला आहे ना, तेही पाहावे. फॉर्म २९ व ३० भरून गाडी नावावर झाल्याखेरीज व्यवहार पुरा मानू नये. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकाची पुंजी ती किती! इतरांना वाचायला शिकवणाऱ्याने येथे न वाचता पैसे मोजावेत, हे परवडणारे नाही आणि शोभणारेही नाही.