दानव्यांची मोजदाद

मराठी शिकविणाऱ्या माणसाला एखादी कोटी सुचली की ती गिळता येत नाही. गेल्या दिवाळीत मिरजगावी घरी गेलो असताना अशाच एका कोटीने मी माझ्या पुतणीला दुखावले आणि पुढचे दोन दिवस मला फराळ गोड लागला नाही.

त्याचे असे झाले. पुतणी प्राणिशास्त्र घेऊन एम. एस्सी. झालेली. समुद्राच्या तळाशी चिखलात राहणाऱ्या कृमींचा अभ्यास करायला तिला गोव्याला जायचे होते. दादाची संमती तेवढी बाकी होती. नरकचतुर्दशीला पहाटेची अंघोळ आटोपून आम्ही सारे फराळाला बसलो, तेव्हा दादा म्हणाला, "दानवे मोजायला गोव्याला कशाला जायचं? आपल्या रानात काय कमी हायेत?"

आमच्याकडे गांडुळाला दानवा म्हणतात. हा शब्द कानी पडला मात्र, माझी जीभ वळवळली. "आजच्या दिवशी सारे जग दानवांचा वध साजरा करते आहे आणि आमची कन्या त्यांची शिरगणती करायला निघाली आहे!"

सगळे खो खो हसले. पोरगी मात्र हातातली करंजी ताटात ठेवून उठून गेली.

दुपारी मी समजूत घालायला गेलो. वहिनी मैदा चाळीत होती आणि ही शेजारी बसली होती. "बाई, चुकलो," मी म्हटले, "पण त्या किड्यांत एवढे आहे तरी काय?"

तिने राग गिळला आणि सांगू लागली. या प्राण्यांना शास्त्रात पॉलिकीट म्हणतात. म्हणजे अंगावर पुष्कळ राठ केस असलेले. नात्याने ते आपल्या गांडुळांचे भाऊबंद. त्यांच्या दहा हजारांहून अधिक जाती आजवर ओळखल्या गेल्या आहेत. जहाजावरून एक लोखंडी पेटी तळाशी सोडतात, ती चिखल घेऊन वर येते. तो चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा आणि उरेल ते मोजायचे. जीव गाळात चटकन दिसावेत म्हणून त्यांना गुलाबी रंग देतात.

"म्हणजे माझंच काम की!" वहिनी चाळण थांबवून म्हणाली. "मी खाली पडतं ते घेते, तू वर राहतं ते घे."

त्या वाक्याने वातावरण निवळले. मग मला एकामागून एक नवल ऐकायला मिळाले. खोल समुद्राचा तळ म्हणजे ओसाड माळ अशीच माझी समजूत होती. परंतु अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासमोर दोन किलोमीटर खोलीच्या आसपास शास्त्रज्ञांनी जेमतेम एकवीस चौरस मीटर चिखल तपासला, तर त्यात ७९८ जातींचे प्राणी निघाले! हे १९९२ साली प्रसिद्ध झाले. एकवीस चौरस मीटर म्हणजे आमच्या माजघराएवढी जागा. आणि त्या जातींत निम्म्याच्या आसपास हेच वलयी कृमी होते.

"मग आपल्या अरबी समुद्रात?" मी विचारले.

"तिथं गंमत वेगळी आहे, काका. साधारण दीडशे मीटरांपासून हजार मीटरांच्या पलीकडंपर्यंत पाण्यात प्राणवायू अगदी नावाला असतो. तो पट्टा जिथं तळाला टेकतो, तिथं फार थोड्या जाती तग धरतात. पण ज्या धरतात त्यांची दाटी होते! १९९४ साली ओमानच्या किनाऱ्यासमोर चिखल काढून पाहिला, तर चारशे ते सातशे मीटरांवर बहुतेक सगळे हेच. काहींना श्वासासाठी मोठाले कल्ले असतात. आणखी खोल गेलं की प्राणवायू वाढतो आणि जातीही वाढतात."

दुष्काळी मुलखातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पाऊस दडी मारतो त्या वर्षी आमच्या माळावरही असेच होते. गवताचे पन्नास प्रकार जातात आणि कुसळ तेवढे माजते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे शेतात गेलो. पाऊस बरा झाला होता, काळी माती ओलसर होती. पुतणीने दादाच्या हातात कुदळ दिली. "बाबा, दाखवा तुमचे दानवे."

दादाने हसत हसत बांधालगत खणले. काही नाही. चार पावले पुढे जाऊन खणले. तिथेही नाही. पाच-सहा ठिकाणी ढेकळे फोडून झाली, तेव्हा कुठे एक काडीसारखा जीव वळवळला. दादा घाम पुसत उभा राहिला.

"आबा नांगर धरायचे तवा मागं बगळ्यांची रांग लागायची," तो हळूच म्हणाला. "पायाखाली दानवेच दानवे. कधी गेले रे हे?"

मी रासायनिक खतांचे नाव घेतले, दादाने ट्रॅक्टरचे, मग दोघांनी मिळून दुष्काळाचे. कारणे पुष्कळ निघाली. पुरावा एकाचाही निघेना. कारण आधी किती होते, हे कुणी लिहूनच ठेवले नव्हते.

"समुद्रात हेच व्हायला नको, म्हणून जायचंय," पोरगी म्हणाली. १९६० नंतरच्या अर्धशतकात जगातल्या समुद्रांमधला प्राणवायू सुमारे दोन टक्क्यांनी घटला, हे तिने मला परत येताना सांगितले. १९५३ साली पिएर फोव्हेल या फ्रेंच पंडिताने आपल्या बाजूच्या समुद्रांतल्या या कृमींवर जाडजूड ग्रंथ लिहिला. दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून आहे. कुणीतरी आधी नोंद केली, म्हणून आज ताडून पाहता येते.

मी वर्गात वर्षानुवर्षे शब्दांच्या व्युत्पत्ती शिकवितो. बोलीतला एखादा शब्द मेला तर हळहळतो. पण 'दानवा' हा शब्द माझ्या जिभेवर जिवंत असताना त्याचा धनी आमच्या रानातून निघून गेला होता, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता! मी त्या शब्दावर कोटी करीत होतो.

भाऊबीजेनंतर नगर–सोलापूर रस्त्यावर तिला गाडीत बसवून द्यायला दादा स्वतः आला. संमती दिल्याचे तो तोंडाने बोललाच नाही. गाडी हलता हलता त्याने खिडकीशी जाऊन एवढेच विचारले,

"ती चाळण तिथं मिळते ना गं? का घरची देऊ?"