नव्या कणाचे आमिष नको, मोजमापासाठी मागा

पुढचा मोठा कोलायडर, म्हणजे कणांची टक्कर घडवणारे यंत्र, बांधायचा का, आणि बांधायचा तर कसला, हा प्रश्न कणभौतिकीत आता ऐरणीवर आला आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने मार्च २०२५ मध्ये ‘फ्यूचर सर्क्युलर कोलायडर’चा व्यवहार्यता अहवाल प्रसिद्ध केला. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या जमिनीखाली सरासरी दोनशे मीटर खोलवर सुमारे ९१ किलोमीटर परिघाचा बोगदा खणायचा, त्यात आधी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची टक्कर घडवायची आणि ते काम संपले की, २०७०च्या दशकात, त्याच बोगद्यात प्रोटॉनचे यंत्र बसवायचे, अशी ही योजना आहे. पहिल्या टप्प्याचा अंदाजे खर्च १५ अब्ज स्विस फ्रँक, म्हणजे दीड लाख कोटी रुपयांच्या वर. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपच्या धोरणगटाने याच पहिल्या टप्प्याला पसंती दिली. बांधकामाचा खरा निर्णय २०२८च्या सुमारास व्हायचा आहे. हे यंत्र बांधावे, असे माझे मत आहे. पण ते कोणत्या कारणासाठी मागितले जाते, यालाही तितकेच महत्त्व आहे. नवा कण सापडेल या आशेवर ते मागू नये. मोजमापासाठी मागावे.

आशेचा हिशेब आधी करायला हवा. सर्नचा सध्याचा लार्ज हेड्रॉन कोलायडर २००८ मध्ये सुरू झाला आणि ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज बोसॉन सापडल्याची घोषणा झाली. त्या यंत्रामागे भक्कम आधार होता: हिग्ज किंवा त्याचे काम करणारे दुसरे काही तरी त्या ऊर्जेच्या पल्ल्यात सापडलेच पाहिजे, नाही तर सिद्धान्तच कोलमडतो, हे गणिताने दाखवले होते. अडचण झाली ती त्याच्या जोडीला दिलेल्या आश्वासनांची. सुपरसिमेट्री या सिद्धान्ताने सुचवलेले कण दिसतील, कृष्णद्रव्याचा उलगडा होईल, असे अनेक वर्षे सांगितले गेले. त्यातले काहीच हाती आले नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ सबिन होसेनफेल्डर याच मुद्द्यावर नव्या यंत्राला विरोध करत आल्या आहेत: अमुक ऊर्जेला नवे काही सापडेल असे म्हणायला आज ठोस आधार नाही. त्यांचे हे म्हणणे मान्यच केले पाहिजे. पुढच्या यंत्राला हिग्जसारखी हमी नाही, आणि ती असल्याचा आव आणला तर आणखी वीस वर्षांनी लोकांचा विश्वास पुरता उडेल.

मग उरते काय? उरते ते मोजमाप, आणि ते दुय्यम काम नाही. सध्याच्या कोलायडरच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात १९८९ ते २००० या काळात लेप नावाचे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्र होते. त्याने एकही नवा मूलकण शोधला नाही. पण झेड बोसॉनचे वस्तुमान आणि त्याचे विघटन त्याने इतक्या बारकाईने मोजले की निसर्गात हलक्या न्यूट्रिनोंचे प्रकार तीनच आहेत, हे पक्के झाले. टॉप क्वार्क लेपच्या आवाक्याबाहेर होता. तरीही याच मोजमापांवरून त्याच्या वस्तुमानाचा अंदाज बांधता आला, आणि १९९५ मध्ये अमेरिकेतल्या फर्मीलॅबला तो त्या अंदाजाच्या आसपासच सापडला. ही अचूकता कुठवर गेली होती पाहा. चंद्राच्या ओढीने जमीन ताणली जाई, २७ किलोमीटरचा परीघ मिलिमीटरभराने बदले, आणि किरणपुंजाच्या ऊर्जेतला तेवढा फरकही मोजणाऱ्यांच्या लक्षात येई. जिनिव्हाहून सुटणाऱ्या वेगवान फ्रेंच रेल्वेगाड्यांची जमिनीतून झिरपणारी वीज चुंबकांवर परिणाम करते, हेही त्यांनी शोधून काढले. आपल्या यंत्राच्या ताकदीपलीकडचे जग असे अप्रत्यक्ष दिसते, पण त्यासाठी आकडा शेवटच्या दशांशापर्यंत खरा असावा लागतो.

नव्या यंत्राने मोजायचे ते मुख्यतः हिग्ज. प्रोटॉन म्हणजे क्वार्क आणि ग्लुऑन यांचे गाठोडे. दोन प्रोटॉन आदळले की नेमके काय कशावर आदळले आणि किती ऊर्जेने, हे सांगता येत नाही. अब्जावधी टकरींमागे एखादा हिग्ज, तोही ढिगाऱ्यातून निवडावा लागतो. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनचे तसे नाही. आत गेलेली ऊर्जा नेमकी ठाऊक असते. टकरीतून झेड आणि हिग्ज असे दोघे बाहेर पडले, तर झेड तेवढा मोजायचा. उरलेला हिशेब हिग्जचा. हिग्जचे पुढे कशात विघटन झाले, हे पाहण्याचीही गरज नाही. तो न दिसणाऱ्या कणांत विरून गेला तरी हिशेबातून सुटत नाही, आणि कृष्णद्रव्याचा खरा माग लागायचा असेल तर तो इथे लागू शकतो. हिग्ज हा आपल्याला ठाऊक असलेल्या सगळ्या मूलकणांहून वेगळ्या जातीचा आहे: त्याला स्वतःचे भ्रमण, म्हणजे स्पिन, नाही, आणि इतर मूलकणांना वस्तुमान मिळते ते त्याच्या क्षेत्रामुळे. अशा कणाची ओळख अर्धवट सोडून देणे मला पटत नाही. हिग्जची स्वतःशी होणारी आंतरक्रिया मात्र पहिल्या टप्प्यात अप्रत्यक्षच मोजता येईल; तिचे पक्के उत्तर प्रोटॉनच्या यंत्राकडूनच मिळेल, हे समर्थकांनी लपवू नये.

एवढा मोठा वर्तुळाकार बोगदा कशाला, सरळ रेषेतले छोटे यंत्र का नको, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. वळणावर इलेक्ट्रॉन प्रकाश फेकत जातो आणि ऊर्जा गमावतो. शेवटच्या काळात लेपमध्ये प्रत्येक फेरीला सुमारे तीन टक्के ऊर्जा अशी जाई. परीघ वाढवला की वळण सौम्य होते आणि गळती घटते. सरळ यंत्रात ही गळती नाही, पण तिथे कणपुंज एकदाच वापरता येतो. वर्तुळात तोच पुंज पुन्हा पुन्हा भिडतो, म्हणून लेपने वर्षानुवर्षे जमवलेले झेड नव्या यंत्राला काही मिनिटांत मिळतील. शिवाय सरळ यंत्राचा मार्ग मोकळा होता तेव्हा काय झाले, हेही विसरता येत नाही. त्याचा तपशीलवार आराखडा २०१३ मध्ये तयार झाला, जपानमधली जागाही सुचवली गेली, पण जपान सरकारने अजून होकार दिलेला नाही.

पैशाचा आक्षेप याहून जड आहे. सर्नचा सर्वात मोठा वर्गणीदार जर्मनी. त्याच्याच सरकारने २०२४ मध्ये हा खर्च परवडणारा नाही, असे म्हटले. अमेरिकेने टेक्सासमध्ये ८७ किलोमीटरचा सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर सुरू केला, खर्चाचा अंदाज दुपटीच्या पुढे गेला आणि सुमारे दोन अब्ज डॉलर जमिनीत घातल्यावर १९९३ मध्ये संसदेने तो बंद केला. ती फसगत पुन्हा व्हायची नसेल, तर दोन टप्प्यांची मंजुरी एकत्र मागू नये. इलेक्ट्रॉनच्या यंत्राचा खर्च त्या यंत्राच्याच कामावर न्याय्य ठरला पाहिजे. प्रोटॉनचा टप्पा पुढच्या पिढीने, तेव्हाच्या ज्ञानावर ठरवावा. सर्नचे वार्षिक अंदाजपत्रक सव्वा ते दीड अब्ज फ्रँकच्या घरात असते आणि त्याचा भार वीसहून अधिक देश उचलतात. खर्च अनेक वर्षांवर पसरला तर तो झेपणारा आहे. मात्र म्यूऑन कोलायडरसारख्या पर्यायांवरचे आणि नव्या चुंबकांवरचे संशोधन त्यासाठी उपाशी ठेवले, तर हा सौदा तोट्याचा ठरेल.

भारताने यात काय करावे? आपण जानेवारी २०१७ पासून सर्नचे सहयोगी सदस्य आहोत. त्याच्या आधीच, सध्याच्या कोलायडरची पंधरा-पंधरा मीटर लांबीची, सुमारे पस्तीस टन वजनाची चुंबके केसाच्या जाडीएवढ्या अचूकतेने जागी बसवणारे सुमारे सात हजार जॅक इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राच्या पुढाकाराने भारतातून गेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तिथल्या सीएमएस या शोधकाच्या उभारणीत हातभार लावला. आता नुसती वर्गणी भरून मोकळे होण्यापेक्षा एखादा नेमका भाग अंगावर घ्यावा, उदाहरणार्थ कणपुंजाला गमावलेली ऊर्जा परत देणाऱ्या अतिवाहक पोकळ्या. त्यांचे काम इंदूरमध्ये आधीपासून सुरू आहे. २०२८ चा निर्णय होईपर्यंत थांबायचे कारण नाही. तो भाग कोणता, कुठे बनणार आणि त्यासाठी माणसे किती लागतील, हे अणुऊर्जा विभागाने आताच ठरवायला हवे.