वस्त्रखरेदीचे राजकारण

कपडे मोजकेच घ्यावेत, विचारपूर्वक घ्यावेत आणि घेतलेले पुष्कळ दिवस वापरावेत, असा उपदेश अलीकडे सुखवस्तू मध्यमवर्गात ऐकू येऊ लागला आहे. चंगळवादाला कंटाळलेल्यांची ही नवी हौस, असे म्हणून समाजवादी कार्यकर्ता तिच्याकडे पाठ फिरवील, तर ते योग्य होणार नाही. वस्त्राची निवड ही या देशात केवळ आवडीनिवडीची बाब कधीच नव्हती. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुरैला गांधीजींनी पंचा नेसण्याचा निर्णय घेतला. अंगावरच्या वस्त्राने कोणाचे पोट भरते आणि कोणाचे रिकामे राहते, हा प्रश्न त्या पिढीने उघडपणे विचारला होता.

आज तो प्रश्न स्वस्ताईच्या ढिगाखाली गाडला गेला आहे. एकेकाळी मराठी घरात सणासुदीला किंवा लग्नकार्याला कापड घेतले जाई. थोरल्याचा सदरा धाकट्याला येई, विरलेल्या लुगड्याची गोधडी होई आणि उरलेसुरले बोहारणीला देऊन एखादे भांडे घरात येई. त्या काटकसरीत टंचाईचा जाच होता. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र कापडात माणसाचे श्रम आहेत, ही जाणीव तीत होती. आता कपडा जुना होण्याआधीच रीत जुनी होते आणि कपाट भरलेले असूनही घालायला काही नाही अशी तक्रार चालू राहते.

या स्वस्ताईची किंमत कोणीतरी भरतच असतो. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळील सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१०० हून अधिक माणसे दगावली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यांवरील बँक आणि दुकाने बंद ठेवण्यात आली; वरच्या मजल्यांवर कपडे शिवणाऱ्या कामगारांना मात्र कामावर बोलावण्यात आले. मृतांमध्ये बहुसंख्य स्त्रिया होत्या.

हे दूरच्या देशातले दुःख म्हणून सोडून देण्याचा अधिकार महाराष्ट्राला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यांतील असंख्य जण पुन्हा कामावर परतलेच नाहीत. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात आज मॉल उभा आहे. जिथे कापड तयार होत असे, तिथे आता दुसरीकडे शिवलेले कपडे विकले जातात. कापडाचे काम संपाच्या आधीपासूनच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे वळू लागले होते. तेथील कामगार विणलेल्या मालाच्या हिशेबाने मजुरी घेऊन अनेक ठिकाणी बारा-बारा तास मागापाशी उभा असतो. लहानलहान कारखान्यांत विखुरल्यामुळे त्याची संघटना बांधणेही कठीण जाते.

तेव्हा विचारपूर्वक खरेदी म्हणजे कपाट नीटनेटके लावणे नव्हे. गरज किती, कापड टिकेल का, फाटले तर शिवता येईल का, हे प्रश्न तर विचारावेतच. त्यांच्याबरोबर हे कोणी विणले आणि त्याच्या हाती काय पडले, हाही विचारावा. हातमागाच्या नावाखाली यंत्रमागाची साडी सर्रास खपवली जाते. २००६ पासून अस्सल हातमागासाठी स्वतंत्र चिन्ह आहे. ते पाहून घेतले तरी विणकराची फसवणूक थोडी कमी होईल. मात्र ज्या घरात महिन्याची तोंडमिळवणी होत नाही, तिथे हा उपदेश नेण्याचे कारण नाही. मोलकरणीने मुलांसाठी पदपथावरून घेतलेला स्वस्त फ्रॉक हा चंगळवाद नव्हे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. खरेदी घटली तर शिवणाऱ्यांचाच रोजगार जाईल, त्याचे काय? स्वदेशीच्या चळवळीलाही हा प्रश्न टाळता आला नव्हता. १९३१ साली लँकेशायरच्या बेकार कामगारांसमोर गांधीजींना त्याचे उत्तर द्यावे लागले. केवळ कमी खरेदीने मजुरी वाढत नाही, हे मान्यच केले पाहिजे. महाग कपडा घेतल्यानेही जादा पैसे कामगारापर्यंत पोचतील याची हमी नाही. ती हमी संघटना आणि कायदाच देऊ शकतात. राणा प्लाझानंतर मे २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि अनेक विदेशी कंपन्या यांच्यात बंधनकारक सुरक्षा करार झाला, स्वतंत्र तपासणी सुरू झाली आणि कारखान्यांची दुरुस्ती करून घेता आली. ग्राहकांच्या संतापाने कंपन्यांवर दडपण आले हे खरे. त्या संतापाला कराराचे रूप मात्र कामगारांच्या संघटित शक्तीने दिले.

खादी सत्तेचा गणवेश झाली, तेव्हा सूत कातणाऱ्या बाईचा प्रश्न तिच्यातून निघून गेला. मोजक्या कपड्यांच्या या नव्या व्रताचेही तसेच होऊ द्यायचे नसेल, तर कार्यकर्त्यांनी ते कामगारांच्या लढ्याशी जोडले पाहिजे. दिवाळीची खरेदी विणकरांच्या सहकारी संस्थांकडून व्हावी, यंत्रमाग व शिवणकामगारांच्या किमान वेतनाच्या मागणीला गावोगावच्या शाखांनी पाठिंबा द्यावा आणि कपड्यांच्या खर्चात वाचलेल्या पैशांतील काही वाटा त्यांच्या संघटनांच्या निधीत पडावा. एवढे यंदाच्या वर्षात प्रत्येक शाखेला करता येण्याजोगे आहे.