क्लब कुणाचा? मालकाचा की गावाचा?

शनिवार-रविवारच्या रात्री आपल्याकडची मुले इंग्लिश फुटबॉल पाहत जागतात. मँचेस्टर, लिव्हरपूल, आर्सेनल ही नावे आता आजीआजोबांच्याही ओळखीची झाली आहेत. मला मात्र या झगमगाटाच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत झगडणाऱ्या छोट्या गावांच्या क्लबांचे अधिक कौतुक वाटते. या खेळाचे मूळ घर तेच आहे.

१८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात १२ संघ होते. त्यांत लंडनचा एकही नव्हता. सहा संघ एकट्या लँकेशायरचे, म्हणजे कापडगिरण्यांच्या मुलखातले होते. १८५० च्या कायद्याने गिरण्यांतील स्त्रिया व किशोर कामगारांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागले. हळूहळू पुरुषांनाही ती सवलत मिळाली आणि मोकळ्या दुपारी तीनचा सामना ही रीतच पडली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना आपल्या वऱ्हाड-खानदेशचा कापूस जात होता. ही गावे आपल्याला अगदीच परकी नाहीत.

त्या १२ संघांत ॲक्रिंग्टन हे चिमुकले गावही होते. तो पहिला क्लब १८९६ मध्ये बुडाला. त्याच गावचा ॲक्रिंग्टन स्टॅन्ले १९२१ मध्ये लीगमध्ये आला. १९६२ च्या मार्चमध्ये कर्जापायी त्याने ऐन हंगामात राजीनामा दिला. मागाहून तो परत घेऊ म्हटले, तर लीगने मानले नाही. त्याची जागा ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली. १९६६ मध्ये स्टॅन्लेला टाळे लागले. पण १९६८ मध्ये गावकऱ्यांनी क्लब पुन्हा उभा केला आणि अगदी खालच्या पायरीपासून चढत तो २००६ मध्ये लीगमध्ये परतला. त्याच वर्षी लीगमधून बाहेर पडणाऱ्यांत ऑक्सफर्ड युनायटेडही होता!

प्रत्येक कथा अशी गोड होत नाही. बरी या गावच्या क्लबाने १९०३ चा एफए कप ६-० असा जिंकला होता. अंतिम सामन्यातल्या इतक्या मोठ्या विजयाची बरोबरी मँचेस्टर सिटीने केली ती मे २०१९ मध्ये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, १२५ वर्षे लीगमध्ये खेळलेल्या बरीची पैशाअभावी हकालपट्टी झाली. मैदानाला कुलूप लागले. पुढे समर्थकांनी सरकारी मदत मिळवून ते मैदान सोडवले आणि २०२३ मध्ये तिथे पुन्हा क्लबाचे सामने सुरू झाले.

ॲक्रिंग्टनपासून काही मैलांवर ब्लॅकबर्न आहे. १९९५ चा विजेता असलेला हा क्लब २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज कंपनीने घेतला. २०१७ मध्ये तो तिसऱ्या श्रेणीत घसरला, पुढच्याच वर्षी वर आला. मालकांनी तिथे पैसा ओतला हे खरे. प्रेक्षकांनी त्यांच्याविरुद्ध निदर्शने केली हेही तितकेच खरे. तोट्याचा धंदा कुणी सांभाळत असेल तर त्याचे आभार मानायचे सोडून ही माणसे रागावतात का, असे पुष्कळांना वाटेल. उत्तर साधे आहे. मालकाच्या लेखी तो धंदा असतो. प्रेक्षकाच्या लेखी ते आजोबांनी बापाला आणि बापाने आपल्याला दिलेले वतन असते.

२०२५ मध्ये ब्रिटनने कायदा करून फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमला. वरच्या पाच श्रेणींतल्या क्लबांना आता परवाना घ्यावा लागेल, मालकांची पारख होईल, मैदान परस्पर विकता येणार नाही. खेळात सरकारची लुडबुड कशाला, अशी तक्रार झाली. मला ती पटत नाही. गिरण्या गेल्या, त्यांच्याबरोबर गावाचा रोजगार गेला. सगळ्यांनी मिळून आपले म्हणावे असे फार थोडे उरले. त्याचे कुलूप एकाच माणसाच्या खिशात असू नये, एवढेच हा कायदा सांगतो. पण कायदा क्लब राखू शकेल, तो चालवू शकणार नाही. १९६८ मध्ये ॲक्रिंग्टनच्या मदतीला कोणताही कायदा नव्हता, माणसे होती.